जुनी होबी १६ शर्यतीला तयार करताना

हौशी माणसाला परवडेल, दोघांत चालवता येईल आणि सुटे भाग मिळतील अशी शर्यतीची मल्टिहल (एकाहून जास्त धडांची शिडाची बोट) शोधायला निघालं, की फिरून होबी १६ या दोन हलांच्या, म्हणजे दोन धडांच्या, बोटीवरच येऊन थांबावं लागतं. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन साधारण १४५ किलो. हिला डॅगरबोर्ड (घसरण रोखायला पाण्यात खाली सोडायच्या फळ्या) नाहीत. प्रत्येक हल बाहेरून सपाटसर आणि आतून फुगीर असतो आणि वाऱ्याखालचा (वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूचा) हलच बोटीला आडवं घसरण्यापासून धरून ठेवतो. मालवणकडच्या उलांडीच्या होड्या पाहिलेल्यांना आधाराला बाजूचा तरंगा घेण्याची कल्पना नवी नाही. इथे फक्त दोन्ही बाजू सारख्या तोलाच्या आहेत.

जुनी बोट घेतल्यावर बहुतेकांचा हात आधी नव्या शिडांकडे जातो. तो आवरा. सांगाडा लवचिक असेल तर कितीही चांगलं जिब (पुढचं छोटं शीड) लावा, त्याची पुढची कड वाऱ्यात झोल खाणार आणि बोट वाऱ्याच्या रोखाने वर चढणार नाही. खर्चाचा क्रम हल, सांगाडा, तारा, सुकाणू आणि मग शिडं, असा ठेवा.

हल

आधी वजन करा. दोन्ही हलांतलं पाणी काढून, बोट सुकवून, दोन बाजूंना दोन वजनकाटे ठेवून बेरीज घ्या. आकडा १५५ किलोच्या वर गेला, तर फोममध्ये पाणी मुरलं आहे असं समजायला हरकत नाही. ते पूर्ण निघत नाही. भाव करताना हे लक्षात ठेवा.

मग एक रुपयाचं नाणं घेऊन डेक (हलचा वरचा पृष्ठभाग) ठोकत जा. फायबरचे दोन थर आणि मध्ये फोम अशी हलची बांधणी असते. थर फोमला धरून असेल तर आवाज टणक येतो, सुटला असेल तर बद्द. सगळ्यात जास्त सुटतो तो दोन्ही हल जोडणाऱ्या पुढच्या आडव्या दांड्याच्या लगेच पुढचा डेक, कारण हल लाटेवर आपटला की वाकण्याचा सगळा ताण तिथे येतो. अंगठ्याने दाबून डेक खाली जात असेल, तर त्या भागाभोवती पेन्सिलीने रेघ मारा. भाग हाताच्या पंजापेक्षा फार मोठा नसेल तर दुरुस्ती घरी होते. दोन्ही हलांवर कोपरभर लांबीचा डेक मऊ असेल तर बोट घेऊ नका.

दुरुस्तीसाठी रेघेच्या आत २५ मिलिमीटर अंतरावर ३ मिलिमीटरची भोकं पाडा. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या: बाहेरचा थर छेदून फोमपर्यंत पोचायचं, आतला थर फोडायचा नाही. आतला थर फुटला तर इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं राळेसारखं द्रव्य) हलच्या तळाशी जाऊन बसतं आणि तुम्ही ओततच राहता. भोकं दोन दिवस उन्हात उघडी ठेवा. औषधाच्या दुकानातली २० मिलिलिटरची सिरिंज सुईशिवाय वापरा आणि पातळ इपॉक्सी सगळ्यात खालच्या भोकातून भरा. शेजारच्या भोकातून ते वर आलं की भरलेल्या भोकावर टेप लावून पुढे सरका. शेवटी वर प्लास्टिकचा कागद, त्यावर वाळूची पिशवी आणि २४ तास हात लावू नका.

कोकणात हे काम एप्रिल-मे महिन्यात उरकावं. पावसाळ्यात दमट हवेमुळे इपॉक्सीवर मेणचट थर चढतो. तो पाणी आणि घासणीने धुतल्याशिवाय पुढचा थर किंवा रंग धरत नाही. उन्हाळ्यात अडचण उलटी असते. ३३ अंशांत फास्ट हार्डनर भांड्यातच उकळायला लागतो. स्लो हार्डनर घ्या, सकाळी आठच्या आत सुरुवात करा, एका वेळी १०० ग्रॅमच मिसळा आणि तेही पसरट ट्रेमध्ये. प्रमाण वजनकाट्यावर मोजा. हार्डनर जास्त घातल्याने लवकर वाळत नाही, ते कायमचं चिकट राहतं.

हलचा तळ वाळूवर ओढून ओढून झिजतो, मागचा तिसरा हिस्सा विशेष. कापडाची वीण दिसत असेल, तर झिजलेल्या जागेच्या कडा प्रत्येक बाजूला ४ ते ५ सेंटिमीटर तिरप्या घासून फायबरचं कापड ३-४ थरांत लावा. आधी अरुंद पट्टी, मग क्रमाने रुंद. वर पॉलिएस्टर जेलकोट मारू नका, इपॉक्सीवर तो नीट पकडत नाही. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग चालतो.

गळती शोधायला हलचं बारीक श्वासछिद्र टेपने बंद करा, ड्रेन प्लगच्या भोकात नळी बसवून तोंडाने हवा भरा आणि साबणाचं पाणी लावत जा. कॉम्प्रेसर अजिबात नको. त्या दाबाने डेक आणि हलचा सांधाच उघडतो. बुडबुडे बहुधा सुकाणूच्या बिजागरीच्या स्क्रूपाशी, डेकच्या कडेला आणि खांबांच्या बुडाशी येतात.

सांगाडा

दोन्ही हलांवर मिळून चार खांब आणि खांबांवर ॲल्युमिनियमचा चौकोन. एक हल घट्ट धरून दुसरा वर-खाली हलवा. कटकट ऐकू आली तर खांब आणि कोपऱ्याचा ओतीव भाग यांत खेळ आहे. चौकोन उचलून खांब काचपेपरने खरवडा, ओतीव भागाच्या आत मेण लावा, खांबाला इपॉक्सीत भिजवलेल्या पातळ कापडाचा एक वेढा द्या आणि चौकोन परत बसवा. मेण विसरलात तर चौकोन पुन्हा कधीच निघणार नाही.

इपॉक्सी ओलं असतानाच कर्ण मोजा. डाव्या नाळेच्या, म्हणजे डाव्या हलच्या पुढच्या, टोकापासून उजव्या हलच्या मागच्या टोकापर्यंत, मग उलट. फरक ५ मिलिमीटरच्या आत आणा. हल तिरपे राहिले तर बोट आयुष्यभर स्वतःशीच भांडत चालते.

डोलकाठी पुढच्या आडव्या दांड्याच्या मधोमध उभी असते आणि त्या दांड्याखाली डॉल्फिन स्ट्रायकरची, म्हणजे दांड्याला खालून आधार देणारी, सळई असते. डोलकाठी उतरवलेली असताना दांड्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून बघा. मध्यभाग खाली गेला असेल तर सळईचे नट आवळून दांडा सरळ किंवा केसभर वर आणा. तारा सारख्या ढिल्या पडतात अशी तक्रार असेल, तर कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

स्टेनलेसचा प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसवताना टेफ-जेल किंवा ड्युरालॅक (धातू एकमेकांपासून वेगळे ठेवणारे लेप) लावा. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन जातं.

ट्रॅम्पोलीनचं (चौकोनात ताणलेलं, बसायचं) कापड टिकतं, शिवण आधी मरते. नखाने टाका ओढा. तुटला तर पूर्ण शिवण जाड पॉलिएस्टर दोऱ्याने पुन्हा मारून घ्या. चपला-बॅगा शिवणाऱ्याकडे हे काम चांगलं होतं.

डोलकाठी आणि तारा

उभ्या तारा १×१९ विणीच्या, ३१६ स्टेनलेसच्या, सुमारे ३ मिलिमीटरच्या. आपल्या किनाऱ्यावर त्या चार वर्षांत बदला, दिसायला कितीही चकचकीत असोत. गंज टोकाच्या दाबलेल्या नळीच्या आत धरतो, बाहेरून दिसत नाही. तारेवरून चिंधी फिरवा. एक धागा जरी अडकला तरी ती तार बाद. डाव्या-उजव्या तारांच्या लांबीत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. पिनांच्या रिंगांवर टेप लावा, नाहीतर ट्रॅपीझच्या (बोटीबाहेर झुकताना आधार देणाऱ्या) दोरीत अडकून रिंग निघते आणि पाठोपाठ डोलकाठी खाली येते.

डोलकाठी आतून हवाबंद हवी. आडवी करून पाण्यात दाबा. बुडबुडे आले तर वरची टोपी आणि खालचं बूच सीलंटने बंद करा. पाणी शिरणारी डोलकाठी म्हणजे उलटल्यावर बोट पूर्ण पालथी.

डोलकाठी आठ मीटरच्या वर आहे. उभी करण्याआधी आणि किनाऱ्यावर बोट ढकलताना वर विजेच्या तारा बघा. कोळीवाड्यांतून त्या फार खालून जातात. या अपघातांमुळेच १९८० च्या दशकात डोलकाठीचा वरचा भाग फायबरचा करण्यात आला. जुन्या बोटीवर तो असेलच असं नाही. आणि असला, तरी खालचा भाग आणि तारा धातूच्याच असतात.

सुकाणू

सगळ्यात जास्त वेग सर्वात स्वस्तात इथे मिळतो, म्हणून जरा सविस्तर.

बोट आधाराच्या घोड्यांवर ठेवा, सुकाणूची दोन्ही पाती खाली करून लॉक करा आणि पात्याचं टोक आडवं हलवून बघा. ५ मिलिमीटरहून जास्त खेळ असेल तर बिजागरीतले नायलॉनचे बुश बदला. मग एकाच उंचीवर दोन्ही पात्यांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मोजा, तसंच मागच्या कडांमधलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ३ मिलिमीटर कमी हवं. दुरुस्ती दोन्ही सुकाणू जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाला होते.

आता कल. बिजागरीच्या पिनांच्या रेषेत सरळ पट्टी खाली धरा. पात्याची पुढची कड खाली जाताना त्या रेषेला समांतर किंवा थोडी पुढे हवी. पातं मागे राहिलं तर पाण्याचा सगळा दाब पिनांच्या मागे पडतो आणि टिलर (सुकाणूचा हातातला दांडा) हातातून खेचला जातो. अर्ध्या तासात स्कीपरचा (सुकाणू धरणाऱ्याचा) दंड भरून येतो. शर्यतीसाठी डोलकाठी मागे झुकवली, की शिडाचा जोर मागे सरकतो आणि हीच ओढ वाढते. म्हणून डोलकाठीचा कल बदललात तर पातीही पुन्हा तपासा. पातं धरणाऱ्या नव्या ओतीव भागांत कलासाठी स्क्रू असतो; जुन्यात पात्याचं भोक इपॉक्सीने भरून नवं पाडावं लागतं. मधल्या वाऱ्यात दोन बोटांनी टिलर धरता आला आणि सोडल्यावर बोट हळूहळू वाऱ्याकडे वळली, की जमलं.

पातं खाली अडकवून ठेवणाऱ्या कॅमचा स्प्रिंग ढिला असेल तर वेगात पाती वर उडतात. फार आवळला तर डोल जाळ्याच्या दोरीवर किंवा वाळूवर आदळल्यावर पातं वर न येता ओतीव भाग मोडतो.

ट्यूनिंग

जिब हॅलियार्ड (जिब वर ओढायची दोरी) इतकं ताणा की फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) लोंबायला लागेल. शर्यतीत डोलकाठी जिबच्या तारेवर तोललेली असते. डोलकाठी मागे झुकवायची ती मुख्य शीट (मोठं शीड आत-बाहेर करायची दोरी) पूर्ण ओढल्यावर वरच्या-खालच्या कप्प्या जवळजवळ टेकतील इतकी. शिडाची मागची कड ताणली जाण्याआधीच कप्प्या टेकल्या, तर झुकाव एक भोक कमी करा. मंद वाऱ्यात डोलकाठी थोडी उभी ठेवा. बॅटन (शिडात घातलेल्या पट्ट्या) सुरकुती जाईल इतपतच बांधा.

शर्यत

क्लासच्या (होबी १६ बोटींच्या शर्यतींच्या) नियमानुसार दोघांचं मिळून किमान वजन १२९.३ किलो. कमी असेल तर उरलेलं वजन बोटीवर बांधावं लागतं.

सुरुवातीचे संकेत ५, ४, १ आणि ० मिनिटं उरताना. लेझर या एका माणसाच्या छोट्या बोटीसारखं रेषेवर उभं राहून थांबता येत नाही. थांबलेली होबी आडवी वाहते. वाऱ्याखाली दोन बोटींइतकी मोकळी जागा राखा, शेवटच्या १५ सेकंदांत तिरपं जाऊन वेग घ्या आणि वेगातच रेषा ओलांडा.

वाऱ्यावर चढताना आधी वेग, मग कोन. डॅगरबोर्ड नसल्यामुळे वेगाशिवाय हल पाणी धरत नाही. नाळ दोन अंश वर घेण्याचा मोह नडतो: वेग पडतो, बोट घसरते आणि बाजूचा पुढे जातो. वारा वाढला तर ट्रॅव्हलर (मुख्य शीटचं टोक आडवं सरकवणारी गाडी) २०-३० सेंटिमीटर सोडा, मुख्य शीट नको. शीटच्या ताणानेच डोलकाठी मागे राहते आणि जिबची कड ताठ राहते.

टॅकमध्ये (नाळ वाऱ्यातून पलीकडे नेणाऱ्या वळणात) सगळ्यात जास्त जागा हरवतात. लाटांमधला सपाट तुकडा निवडा. सुकाणू हळू सुरू करून मग वाढवा; एकदम वळवलेली पाती ब्रेकसारखी लागतात. वळण सुरू होताच स्कीपरने मागे सरकावं, म्हणजे नाळा हलक्या होऊन फिरतात. तोंड वाऱ्यात आलं की मुख्य शीट हातभर सोडा, नाहीतर शीड बोटीला परत मागे ढकलतं. जिब मात्र जुन्याच बाजूला धरून ठेवा. त्यात उलटा वारा भरून नाळ पलीकडे गेली, की मगच सोडा. अडकलात आणि बोट मागे सरकू लागली तर सुकाणू उलटं करा, बूम (मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा) बाहेर ढकला. एका चढणीत दोन-तीन टॅक पुरेत.

वाऱ्यासोबत सरळ खाली जायचं नाही. ब्रायडलच्या (दोन्ही नाळांपासून फोरस्टेला जोडणाऱ्या) तारेवर लोकरीचा धागा बांधा आणि तो बोटीला काटकोनात उडेल असा कोन धरा. ट्रॅव्हलर पूर्ण बाहेर, क्रूने जिबचा कोपरा हाताने बाहेर धरायचा. मंद वाऱ्यात दोघेही पुढे, जोरात दोघेही मागे. या बोटीच्या नाळा बारीक आहेत, वाऱ्याखालची नाळ पाण्याखाली गेली की बोट पुढच्या पुढे कोलांटी घेते. नाळेवरून पाणी येताना दिसलं की आधी जिब सोडा, मागे सरका आणि वारा मागून असेल तर खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, वळा.

उलटलात तर बोट सोडू नका. सगळ्या शीटा आणि ट्रॅव्हलर मोकळे करा, नाळ वाऱ्याकडे आणा, मग दोघांनी राइटिंग (बोट सरळ करायच्या) दोरीला धरून मागे झुका. दोघं मिळून १३५ किलोच्या आत असाल तर पाण्याने भरायची राइटिंग बॅग जवळ हवी.

मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो आणि बंदरातला प्रवाह शर्यत ठरवतो. प्रवाह उलटा असेल तर किनाऱ्याच्या उथळ पाण्यात शिरा, तिथे ओढ कमी असते. खोल बोर्डाच्या बोटी मागे येऊ शकत नाहीत. हिवाळ्यात सकाळचे मतलई वारे दुपारकडे पडतात आणि मग वायव्येचे खारे वारे येतात. मधल्या शांत तासात सुरुवात लागली तर पश्चिमेची बाजू धरावी, नवा वारा बहुधा तिथूनच येतो.

परत आल्यावर गोड्या पाण्याने कप्प्या, बिजागऱ्या आणि तारांची टोकं धुवा, जिब हॅलियार्ड आणि बॅटन सैल करा. ड्रेन प्लग उघडून निघालेलं पाणी मगने मोजा. एका हलमधून एका मगापेक्षा जास्त निघालं, तर पुढच्या शर्यतीआधी साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा.