एसडीए आज, एसडीबी उद्या: लिनक्समध्ये उपकरणांच्या नावांबाबत या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी रात्री बंद केलेला पीसी शुक्रवारी सकाळी सुरू होतो आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लेबल प्रिंटरच्या पोर्टवर आकडा शोधत बसतं. केबल जागच्या जागी असतात. बदललेली असतात ती फक्त नावं.

लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, उपकरण सापडेल तसा नंबर देतं. पहिली सापडलेली डिस्क एसडीए, दुसरी एसडीबी. शोध एकाच वेळी अनेक कंट्रोलरवर चालतो. एसएसडी लगेच उत्तर देते, फिरणाऱ्या हार्ड डिस्कला वेग घ्यायला काही सेकंद लागतात, आणि मागे पेनड्राइव्ह राहून गेला असेल तर तोही मध्ये घुसतो. त्यामुळे कालचा क्रम आज टिकेल याची हमी कर्नल देत नाही. एनव्हीएमई डिस्क दोन असतील तर त्यांचंही तेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) थेट एसडीबी१, म्हणजे एसडीबीचं पहिलं पार्टिशन, लिहिणं. ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा, त्या पार्टिशनचा यूयूआयडी (फॉरमॅट करताना मिळणारा ओळख क्रमांक) घ्या आणि ओळीच्या सुरुवातीला ‘यूयूआयडी=’ लावून तोच लिहा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टमचा यूयूआयडी डॅशसकट ३६ अक्षरांचा असतो. फॅट पेनड्राइव्हचा आठच अक्षरांचा, मध्ये एक डॅश. डेटाच्या डिस्कला ‘नोफेल’ हा पर्याय जोडा, नाहीतर डिस्क सापडली नाही की मशीन ९० सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. बदल केल्यावर रीबूट करण्याआधी ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ आणि मग ‘माउंट -ए’ चालवा; टायपिंगची चूक तिथेच कळते.

‘नोफेल’चा एक धोका मात्र लक्षात ठेवा. डिस्क लागलीच नाही तर रात्रीचा बॅकअप ती जिथे जोडायची त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच लिहिला जातो आणि ती भरून जाते. बॅकअप स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘माउंटपॉइंट -क्यू’ने डिस्क जोडली असल्याची खात्री करा.

‘डीडी’ या थेट डिस्कवर लिहिणाऱ्या कमांडने डिस्क पुसताना कालच्या आठवणीवर एसडीबी टाइप करणं तर फारच घातक, कारण गेलेला डेटा परत येत नाही. इथे ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’मधला मार्ग वापरा. त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. डिस्कवरच्या स्टिकरशी तो ताडून पाहा, मगच एंटर दाबा.

यूयूआयडी कायमचा आहे असंही धरून चालू नका. पुन्हा फॉरमॅट केलं की तो नवा होतो. उलट ‘डीडी’ने क्लोन केलं की दोन डिस्कचा यूयूआयडी एकच राहतो. एक्सएफएस ही फाइल सिस्टम अशी दुसरी प्रत माउंट करायला, म्हणजे जोडायला, नकार देते. ईएक्सटी४ मात्र गुपचूप माउंट होतं, आणि चुकीच्या प्रतीवर काम सुरू राहतं. क्लोन अनमाउंट करून आधी ‘ई२एफएससीके -एफ’, मग ‘ट्यून२एफएस -यू रँडम’ चालवा. एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस_ॲडमिन -यू जनरेट’. दोन्हींत ‘यू’ कॅपिटल.

आता काटा, प्रिंटर जोडायची यूएसबी-सिरियल केबल. पुण्यातल्या तापकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये बहुधा सीएच३४० चिप असते, आणि त्यात सिरियल नंबरच नसतो. अशा दोन केबल लावल्या की ‘/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी’मध्ये दोघींसाठी एकच लिंक तयार होते. तिथे ‘बाय-पाथ’ वापरा आणि सीपीयूच्या मागे ‘काटा’, ‘प्रिंटर’ अशी स्टिकर चिकटवा, कारण आता ओळख केबलची नाही, सॉकेटची आहे. शक्य असेल तिथे एफटीडीआय चिपची केबल घ्या. तिच्यात बहुतेक वेळा स्वतंत्र सिरियल नंबर असतो.

यूडेव्हचा (उपकरणांना लिंक जोडणाऱ्या सेवेचा) नियम लिहिणार असाल तर तपासणीसाठी ‘==’ आणि लिंक जोडण्यासाठी ‘+=’ लागतं; एका ‘=’ने तपासणी होतच नाही. एकाच नियमातले सगळे ‘एटीटीआरएस’ (पालक उपकरणाच्या गुणधर्मांच्या तपासण्या) एकाच पालक उपकरणाचे हवेत, दोन पातळ्यांवरचे मिसळले की नियम कधीच लागू होत नाही. त्या पातळ्या ‘यूडेव्हॲडम इन्फो -ए -एन’मध्ये दिसतात.

केबल सैल होऊन पुन्हा बसली तेव्हा सॉफ्टवेअरने टीटीवाययूएसबी० हा यूएसबी-सिरियल पोर्ट धरूनच ठेवलेला असेल, तर नवं नाव टीटीवाययूएसबी१ येतं. लिंक आपोआप नव्या नावाकडे वळते, पण सॉफ्टवेअरने जुना पोर्ट बंद करून लिंक पुन्हा उघडली पाहिजे. विक्रेत्याकडून तेवढं करून घ्याच.

नेटवर्क कार्डाला २०१३ पासून सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ‘ईएनपी३एस०’सारखी नावं देतं. त्यातला ३ हा पीसीआय बसचा नंबर. नवं कार्ड बसवलं की तो ४ होऊ शकतो आणि स्टॅटिक आयपी (कार्डाला कायम नेमून दिलेला पत्ता) गायब होतो. मॅक ॲड्रेसवर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकावर, आधारलेली ‘.लिंक’ फाइल ‘/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क’मध्ये ठेवून ‘लॅन०’ असं नाव द्या. ‘ईटीएच०’ देऊ नका, ते नाव कर्नल स्वतः वाटत असतं आणि दोघांची टक्कर होते.