ठाणे-नवी मुंबईत नवीन आलाय? मग भाजीचं जरा ऐका

देशावरून नाहीतर विदर्भातून इकडे राहायला आलेल्या प्रत्येकाचं पहिले काही महिने एकच रडगाणं, इथल्या भाजीला चवच नाही. लातूरहून ऐरोलीत आले तेव्हा मीपण हेच म्हणायचे. अहो पण वाशी मार्केटला माल येतो नाशिक, पुणे, साताऱ्याकडून रात्रभर ट्रकमधे बसून, तिथून मग आपल्या नाक्यावर. कांदे-बटाटे खुशाल तिथलेच घ्या. पण शहापूर, मुरबाड, वाडा, कर्जत, पेण ही सगळी शेतीचीच गावं आहेत आणि लांबही नाहीत, तिकडचा माल थोडा शोधावा लागतो एवढंच.

माझी खूण सांगते. ज्याच्याकडे बारा महिने सगळं मिळतं तो व्यापारी. जिच्यापुढे चारच वस्तूंचे वाटे मांडलेत आणि महिन्याभराने ते चारही बदललेले असतात, ती स्वतःच्या शेतातलं नाहीतर रानातलं घेऊन आलेली. अशा ठाकूर, कातकरी आदिवासी मावश्या सकाळी लवकर स्टेशनबाहेर आणि मार्केटच्या तोंडाशी बसतात, ऊन चढलं की गायब. घासाघीस करू नका हो, दहा रुपयांसाठी काय.

पावसाळा चुकवायचा नाही, रानभाज्यांचे दिवस ते. सुरुवातीलाच शेवळं येतात, मग टाकळा, फोडशी, भारंगी, करटोली. शेवळं मात्र सांभाळून, नीट केली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका. वरची पानं सोलायची, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलात चांगली परतायची आणि काकडांचा रस घालायचा. काकडं म्हणजे ती छोटी हिरवी आंबट फळं, शेवळंवालीकडेच असतात, मागून घ्या. नसली तर चिंच. आणि रानभाजी अनोळखी असेल तर कशी करायची ते तिलाच विचारा, मोबाईलवर शोधत बसू नका.

तांदूळ दिवाळीनंतर. वाडा कोलमला २०२१ मधे जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं भौगोलिक मानांकन, मिळालं आणि आता जो तो कोलमच्या गोणीवर वाडा छापतो, म्हणून वाड्याकडच्या शेतकऱ्याकडून थेट मागवा, सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून घेतलं तर तोही आणून द्यायला तयार होतो. नवा तांदूळ असेल तर पाणी कमी घाला, नाहीतर खिमट होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर अलिबागचा पांढरा कांदा येतो, माळाच्या माळा, गोडसर, कच्चा खायला मस्त.

लोकल म्हणजे चांगलंच असं पण नाही हं. रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढवलेला पालक, लाल माठ लोकलच की! त्यामुळे पालेभाजी घेताना पाणी कुठलं ते विचारायचंच.

ऑरगॅनिकचं म्हणाल तर पाकिटावर जैविक भारतचा, म्हणजे सेंद्रिय मालाचा सरकारी, लोगो बघा. पीजीएस म्हणजे शेतकरी गटांनी एकमेकांची शेतं तपासून दिलेलं प्रमाणपत्र, त्यातलं पीजीएस-ग्रीन असं चिन्ह असेल तर ते शेत अजून रासायनिककडून सेंद्रियकडे वळतंय, पूर्ण झालेलं नाही, दुकानदार हे सांगत नाहीत. पाटीवाल्या मावशीकडे यातलं काहीच नसणार, तिथे ओळखच कामाला येते, दोन-चार वेळा तिच्याकडूनच घेतलं की पुढच्या खेपेला काय आणणार ते ती आपणहून सांगते.

आठवडी बाजारही बघून ठेवा. २०१६ मधे फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून काढल्या, तेव्हापासून शेतकरी गट शहरात थेट विकायला बसतात. तुमच्या भागात कुठल्या वारी असतो ते सोसायटीच्या वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.