अरुंधती केशातल्या दीर्घिका आणि लांबट तारे

पुण्यात घराच्या गच्चीवरून ८ इंची न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीने अरुंधती केश या तारकासमूहातला एबल १६५६ हा दीर्घिका समूह कॅमेऱ्यात टिपत होतो. अंतर सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षं. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी अदृश्य द्रव्याचा अंदाज बांधला तो याच समूहावरून. एनजीसी ४८७४ आणि ४८८९ सहज उमटतात. बाकीच्या दीर्घिका म्हणजे नुसते पुसट ठिपके. म्हणूनच तारे लांबट आले की पंचाईत! तारा कुठला नि दीर्घिका कुठली, कळेना.

गंमत म्हणजे गायडिंगचा, म्हणजे एका ‘गायड’ ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण आकाशाबरोबर फिरवत ठेवण्याचा, आलेख एकदम सपाट; तिथे चूक दिसत नव्हती. मग पहिली आणि शेवटची फ्रेम एकावर एक ठेवली. सगळे तारे एकाच दिशेला, सारखेच सरकलेले. ध्रुवरोखण (दुर्बिणीचा फिरण्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणं) चुकलं असतं तर ते गायड ताऱ्याभोवती फिरल्यासारखे दिसले असते. म्हणजे गायडस्कोप (गायडिंगसाठी जोडलेली छोटी दुर्बीण) मुख्य नळीच्या तुलनेत हळूहळू वाकत होता. स्क्रू आवळून फारसा फरक पडला नाही.

ऑफ-ॲक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश प्रिझमने गायड कॅमेऱ्याकडे वळवणारं उपकरण) लावला आणि प्रश्न मिटला, कारण गायड कॅमेऱ्यालाही आता मुख्य आरशाचाच प्रकाश मिळतो. मात्र दोन गोष्टी सांभाळा. कोमा करेक्टरपासून (चित्राच्या कडेचे तारे शेपटीसारखे ताणले जाऊ नयेत म्हणून लावायचं भिंग) कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंतच्या ५५ मिमी अंतरात गायडरची जाडी धरायची. आणि आकाशगंगेचा उत्तर ध्रुव याच भागात असल्याने इथे तारे विरळ. गायड कॅमेऱ्याचं एक्स्पोजर ३-४ सेकंद ठेवलं, प्रिझम थोडं फिरवलं, तेव्हा कुठे तारा सापडला.