‘गेट’ हे इंग्रजी क्रियापद कसे उलगडावे: अर्थ आणि मूळ

‘गेट’चे सगळे अर्थ पाठ करायला बसू नका. आपल्या ‘लागणे’सारखेच हे क्रियापद आहे. तहान लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, मूल रडू लागते; कुठे काय समजायचे ते शेजारचा शब्द सांगतो. वाक्यात ‘गेट’ दिसले की आधी त्याच्या पुढे काय आले आहे ते बघा.

पुढे नाम असेल तर मिळणे किंवा आणणे: ‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र मिळाले. विशेषण असेल तर होणे: ‘इट इज गेटिंग डार्क’, अंधार पडतोय. ठिकाण असेल तर पोचणे: ‘वुई गॉट टु द स्टेशन’. क्रियापदाचे तिसरे रूप आले तर मात्र थांबा, गल्लत इथेच होते. ‘ही गॉट बीटन’ म्हणजे त्याला मार बसला. पण मध्ये वस्तू असेल, जसे ‘ही गॉट द स्कूटर रिपेअर्ड’, तर त्याने स्कूटर दुरुस्त करून घेतली. वस्तूच्या जागी माणूस आणि पुढे ‘टु’ असेल तर करायला लावणे: ‘शी गॉट हिम टु सिंग’, तिने त्याला गायला लावले. ‘हॅव गॉट’ म्हणजे नुसते जवळ असणे.

‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’ अशा जोड्यांचे कोडे ‘पोचणे’ या अर्थातून सुटते. पलीकडे पोचणे, म्हणून आजारातून किंवा दुःखातून सावरणे. बाजूने निघून पुढे जाणे, म्हणून कसेबसे भागवणे.

बडोद्यात घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. गुजरातीत ‘मळवुं’ म्हणजे मिळणेही आणि भेटणेही. ‘गेट’मध्ये माणसाला भेटणे येत नाही. त्यासाठी ‘मीट’ वापरा.

आता मूळ. सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेल्या सेंट्रल लायब्ररीत किंवा विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात गेलात तर संदर्भ विभागात इंग्रजीचा ऐतिहासिक कोश मागा. शिकाऊंसाठीचा कोश नेहमीच्या वापरातले अर्थ आधी देतो, ऐतिहासिक कोश जुने अर्थ आधी देतो. नोंद वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. शब्दाआधी तारांकन असेल तर ते रूप कुठे लिहिलेले सापडलेले नाही, अभ्यासकांनी मागे जात बांधलेले आहे. दिलेले साल पहिल्या लेखी पुराव्याचे असते; शब्द त्याआधीही बोलला जात असू शकतो. आणि तुलनेसाठी दिलेले परभाषेतले शब्द बहुधा भावंडे असतात, आईबाप नव्हेत.

‘गेट’ची नोंद उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेटा’पर्यंत नेते. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात स्थायिक झालेल्या डॅनिश आणि नॉर्वेजियन लोकांची ही भाषा. इंग्रजी लिखाणात शब्द दिसतो तो इ. स. १२००च्या सुमारास. पुरावा उच्चारातच आहे: जुन्या इंग्रजीत ए-ई या स्वरांआधीच्या ‘ग’चा ‘य’ झाला होता, म्हणून जर्मन ‘गेस्टर्न’ तर इंग्रजी ‘येस्टरडे’. अस्सल इंग्रजी रूप टिकते तर आज आपण ‘येट’सारखे काहीतरी म्हणत असतो. ‘फरगेट’मधला ‘गेट’ही याच मुळाचा, मूळ कल्पना पकड सुटण्याची.

इथे मराठी माणसाला एक मोह होतो: ‘गाठणे’ आणि ‘गेट’ एकच असतील का? ध्वनी जुळतो, अर्थही जुळतो. तरी नाही. गाठ हा शब्द संस्कृत ‘ग्रंथि’पासून आला, आणि ‘गाठणे’ त्या गाठीचे. पडताळा असा घ्या. संस्कृतात ‘हंस’, इंग्रजीत ‘गूस’. संस्कृतात ‘दश’, इंग्रजीत ‘टेन’. म्हणजे इंग्रजी ‘ग’समोर संस्कृतात ‘ह’ किंवा ‘घ’ हवा, आणि ‘ट’समोर ‘द’. ‘गाठ’ या नियमात बसत नाही. लॅटिन ‘प्रेहेन्डेरे’ (पकडणे) मात्र चपखल बसते. त्यात ‘ह’ आहे आणि ‘ड’ही; संस्कृतच्या ‘द’समोर लॅटिनमध्ये हाच ‘ड’ येतो. ‘काँप्रिहेंड’ आणि ‘प्रिझन’ त्याच घरातले. ‘आय गेट इट’ म्हणजे मला समजले, आणि ‘काँप्रिहेंड’ म्हणजेही समजणे. दोन्हीकडे अर्थ पकडण्यातूनच वाढला. नुसत्या कानावर विसंबून मूळ ठरवू नये ते यासाठी.

बडोद्यातल्या लहेरीपुरा गेट, पाणीगेट यांतला ‘गेट’ हा वेगळाच इंग्रजी शब्द. देवनागरीत दोन्ही सारखे लिहितो, पण क्रियापदातला ‘ए’ ऱ्हस्व उच्चारा.

‘गॉटन’ हे रूप चूक समजून खोडू नका. ते जुने आहे. ब्रिटनमध्ये मागे पडले, अमेरिकेत टिकले. अमेरिकन इंग्रजीत ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ आहे, तर ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळवले आहे किंवा झाले आहे. अर्ज आणि कार्यालयीन पत्रांत मात्र ‘गेट’ सैल वाटते. तिथे मिळण्यासाठी ‘रिसीव्ह’, मिळवण्यासाठी ‘ऑब्टेन’ आणि होण्यासाठी ‘बिकम’ लिहा.