अवघड शास्त्रीय इंग्रजी शब्द कसे शिकावेत? सुरुवात मराठी प्रतिशब्दापासून

दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुलं अकरावीत जातात आणि 'एकायनोडर्माटा' (तारामाशासारख्या प्राण्यांचा गट) असला शब्द समोर आला की स्पेलिंग घोकत बसतात. या मुलांना कुणीतरी सांगायला हवं, की शब्दाची किल्ली त्यांच्या जुन्या मराठी पुस्तकातच आहे.

म्हणून पहिली पायरी: नवा शब्द दिसला की आधी त्याचा मराठी प्रतिशब्द शोधा. शाळेचं पुस्तक उघडा, नाहीतर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. एकायनोडर्माटा म्हणजे कंटकचर्मी. आता दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून तोडा. 'एकायनो' म्हणजे काटेरी, 'डर्मा' म्हणजे चर्म. ग्रीक शब्दाचे जे दोन तुकडे, तेच मराठीचे. तारामाशाची खरबरीत काटेरी पाठ डोळ्यांसमोर आणा, अर्थ पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

दुसरी पायरी: तोच तुकडा ओळखीच्या शब्दांत हुडका. आर्थ्रोपोडा म्हणजे संधिपाद. 'आर्थ्रो' सांधा, 'पोड' पाय. झुरळाचा पाय नीट पाहिलात तर त्यातले सांधे दिसतात. आता आजीचा संधिवात आठवा. डॉक्टर म्हणतात आर्थ्रायटिस. इंग्रजीत दोन्हीकडे 'आर्थ्रो', मराठीत दोन्हीकडे 'संधि'! शेवटचा 'आयटिस' म्हणजे दाह. तो हाती आला की हेपटायटिस यकृताचा, गॅस्ट्रायटिस जठराच्या आतल्या अस्तराचा, हेही उलगडतं.

आता उच्चार. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण स्पेलिंग फसवतं. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत 'सीएच' बहुधा 'क' होतो: क्रोमोसोम, क्लोरीन, आपला एकायनो. सुरुवातीचा 'एक्स' 'झ' होतो: झायलम, झेनॉन. शब्दाच्या सुरुवातीला 'पी'ला लागून 'टी', 'एन' किंवा 'एस' आला, तर 'पी' मुका राहतो. म्हणून टेरोडॅक्टिल, न्यूमोनिया, सायकॉलॉजी. पण टेरोडॅक्टिलमधला पंखाचा तुकडा हेलिकॉप्टरमध्येही आहे (हेलिको म्हणजे मळसूत्री) आणि तिथे 'प' स्वच्छ ऐकू येतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना ही जोडी शब्दाच्या तोंडाशी पेलत नाही. मध्ये आली की ती हेलिकॉप्-टर अशी दोन अक्षरांत वाटली जाते. न्यूमोनियातला मुका 'पी'ही स्लीप ॲप्नियात (झोपेत श्वास थांबण्याच्या विकारात) असाच बोलका होतो.

उच्चारातली आपली सगळ्यात मोठी अडचण मात्र जोराची आहे. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं बोलतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफीत दुसऱ्या, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्या. 'लॉजी', 'ग्राफी', 'मेट्री' असा शेवट असेल तर जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर धरा. 'इक' असेल तर बहुतेक वेळा त्याच्या अगदी आधीच्या. शंका आली की शब्दकोश उघडा. उच्चाराच्या खुणांत जोराच्या अक्षराआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. ती आधी शोधा, मग ध्वनिमुद्रित उच्चार ऐका.

जीभ अडखळत असेल तर शब्द शेपटाकडून म्हणा: टा, मटा, डर्मटा, नोडर्मटा, कायनोडर्मटा, इकायनोडर्मटा. जोर 'डर'वर. मोठ्यानं म्हणा, मनातल्या मनात नाही.

एक सावधगिरी हवी. मूळ अर्थ हा सुगावा असतो, व्याख्या नव्हे. मलेरियाचा मूळ अर्थ 'वाईट हवा'. रोनाल्ड रॉस यांना 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, तरी नाव तेच राहिलं. तुकडेही कधी कधी सारखे दिसून वेगळे निघतात: पेडलमधला 'पेड' लॅटिन पायाचा, पीडियाट्रिकमधला 'पीड' ग्रीक बालकाचा. म्हणून अंदाज बांधा, पण कोशात तपासल्याशिवाय वहीत उतरवू नका.

आणि वही ठेवाच. शब्दांची नको, तुकड्यांची ठेवा. प्रत्येक तुकड्याला एक पान. माझ्या 'डर्मा'च्या पानावर आधी कंटकचर्मी होता. मग एपिडर्मिस म्हणजे बाह्यत्वचा आली, त्वचेखाली टोचायची हायपोडर्मिक सुई आली, आणि अगदी खाली मेलेल्या प्राण्याची कातडी जतन करून तो जिवंत वाटावा असा उभा करायची कला, टॅक्सिडर्मी.