स्पेक्ट्रमच्या सौद्याचा भाव काढताना या चुका टाळा

स्पेक्ट्रम म्हणजे मोबाइल सेवेसाठीच्या रेडिओ लहरींचे पट्टे. त्यांच्या सौद्याची बातमीतली रक्कम उचलायची, मेगाहर्ट्झने भागायची आणि 'हा घ्या भाव' म्हणून स्लाइडवर चिकटवायची. टेलिकॉमचे अहवाल तपासताना हा भागाकार दिसला की माझं डोकं फिरतं.

एका उतावळ्या नवशिक्याने एप्रिल 2021 चा एअरटेल-जिओ करार असाच उरकला होता. 800 मेगाहर्ट्झ बँडमधलं आंध्र प्रदेशातलं 3.75, मुंबईतलं 2.5 आणि दिल्लीतलं 1.25 मेगाहर्ट्झ जिओकडे जाणार होतं. पठ्ठ्याने रक्कम धरली 1,037.6 कोटी, कारण मथळ्यात तीच होती. त्याशिवाय 459 कोटींची पुढची देणी जिओने अंगावर घेतली होती. ते खालच्या परिच्छेदात होतं, तिथवर स्वारी पोचलीच नाही. वर भागलं 15 ने! अपलिंक (फोनकडून टॉवरकडे) आणि डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे) यांची जोडी 7.5 ची, दोन्ही बाजू मिळून 15. तुलनेच्या सौद्यात मात्र जोडीचाच आकडा. साहजिकच 'निम्म्याहून कमी भावात सौदा' असा ठळक निष्कर्ष. ऑगस्टमध्ये व्यवहार पुरा झाला तेव्हा हेच आकडे 1,004.8 आणि 469.3 कोटी होते, हे आणखी वेगळंच. आणि मुंबईतला मेगाहर्ट्झ नि आंध्रातला मेगाहर्ट्झ एका तराजूत घालायचेच कशाला?

मी एक्सेल उघडण्याआधी कागदावर रकाने आखतो: सर्कल (टेलिकॉम परवान्याचा प्रदेश), रोख, अंगावरची देणी, जोडीतले मेगाहर्ट्झ, उरलेली वर्षं. शेवटचा रकाना हमखास गाळला जातो. स्पेक्ट्रम हातबदल झाला म्हणून वापरहक्काची 20 वर्षांची मुदत नव्याने सुरू होत नाही.

लिलावाची राखीव किंमत (सरकारने मागितलेली किमान बोली) म्हणजे बाजारभाव नव्हे. 700 मेगाहर्ट्झ बँडसाठी 2016 मध्ये देशभराचा मिळून मेगाहर्ट्झमागे 11,485 कोटी मागितले. एकही बोली आली नाही. 2021 मध्ये 6,568 कोटी, तरी शुकशुकाट. 2022 मध्ये 3,927 कोटींवर आल्यावर जिओने घेतला. तरीही जुनी राखीव किंमत 'मूल्य' म्हणून दडपून लिहिणारे भेटतातच.

बाकीचं थोडक्यात. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, मुंबई येत नाही. 2015 च्या नियमांतलं 1 टक्का हस्तांतरण शुल्क विसरू नका. विकणाऱ्याची थकबाकी आधी बघा. आरकॉम (रिलायन्स कम्युनिकेशन्स) आणि जिओचा 2017 चा करार त्याच मुद्द्यावर अडकला आणि 2019 मध्ये मोडला.