गारगोटीची ढलपी काढा, मग ठरवा टेक्नॉलॉजी आपल्या आतली की बाहेरची

टेक्नॉलॉजी माणसाच्या स्वभावातच आहे की वरून चिकटलेली, हा वाद आमच्याकडे दर रविवारी जेवताना होतो, सुरुवात मोबाईलपासून होते आणि शेवट "पूर्वी असलं काही नव्हतं" वर. त्यावर मला एक उपाय सापडलाय. आधी दगड फोडायचा, मग बोलायचं.

नदीकाठच्या गोट्यांत दुधी किंवा राखाडी, मेणासारखी तकाकी असलेली गारगोटी बघा, साधारण मुठीएवढी. आपल्या काळ्या पत्थराच्या पोकळ्यांमधेच ती तयार होते, आणि घोड नदीकाठच्या इनामगावात ३ हजार वर्षांपूर्वी लोक ह्याच जातीच्या दगडाची पाती काढत होते. (जुन्या वस्तीच्या पांढरीवरनं, म्हणजे तिच्या मातीच्या टेकाडावरनं, मात्र काही उचलू नका, ते ठेवा तिथंच.) दुसरा एक गोल गोटा घ्या, हा हातोडा. डोळ्याला ग्राइंडिंगवाले वापरतात तो गॉगल, उन्हाचा नाही, हातात जाड ग्लोव्ह, मांडीवर जुन्या जीन्सची घडी, खाली ताडपत्री आणि बसायचं अंगणात, घरात नाही, कारण ती बारीक धूळ फुफ्फुसाला वाईट.

आता खरी गंमत कोनात आहे. गारगोटी पूर्ण गोल असेल तर काही होत नाही, मी पहिल्यांदा तसलीच घेतली आणि अर्धा तास नुसता ठणठणाट, शेजारच्या काकू बघून गेल्या. जिची एक बाजू आधीच फुटून सपाट झालीय अशी घ्या. सपाट बाजू वर धरा, तिच्या काठाशी, म्हणजे सपाट बाजू आणि खाली उतरणारी बाजू यांच्यात, ९० अंशांपेक्षा कमी कोन पाहिजे, आणि काठापासून नखभर आत ठोका द्यायचा, थोडा तिरका, सोडून दिल्यासारखा. मधोमध मारलंत तर फक्त मनगट दुखतं. बरोबर बसला की आवाजच बदलतो, टक् करून खालून ढलपी सुटते. उलटी करून बघा, ठोक्याजवळ छोटा फुगवटा आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यासारख्या वळ्या. तिनं टोमॅटो कापा, सुतळी कापा, घरातली निम्मी बोथट चाकू लाजतील.

आता ढलपी तशीच हातात ठेवून आपलं बोट बघा. लांब, जाड अंगठा, बोटांच्या टोकांना आरामात टेकतोय. चिंपांझीचा अंगठा आखूड असतो, अशी घट्ट चिमूट त्याला धड जमत नाही. केनियात लोमेक्वीला सापडलेली दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत, आणि आपल्या 'होमो', म्हणजे माणसाच्या, वंशाचा सगळ्यात जुना जबडा इथिओपियातला, २८ लाखांचा. म्हणजे आपल्या हातात आहे त्यातला जुना पुरावा हत्यारांचा, आपला नाही. मग हत्यार वरून चिकटलं असं कसं म्हणायचं, हा अंगठाच बहुतेक त्या दगडावर घडलाय.

इथं मी जिंकलो असं वाटलं होतं. पण एक स्टेप राहिलीय, ती चुकवू नका. दगड घरातल्या कुणाला तरी द्या आणि गप्प बसा. मी भाच्याला दिला, बारा वर्षांचा आहे, त्यानं वीस मिनिटं मधोमधच हाणला. अंगठा होता की त्याला! मग दोनच वाक्यं सांगितली, "काठावर मार, तिरका मार", तिसऱ्या ठोक्याला ढलपी. कान्झी नावाच्या बोनोबोला (चिंपांझीचाच जवळचा नातेवाईक) १९९० च्या दशकात अमेरिकेत संशोधकांनी हेच दाखवलं, तोही शिकला, आणि दगड सरळ फरशीवर आपटून फोडायची युक्ती त्यानं स्वतःची काढली, म्हणजे शुद्ध भाचाच.

तर माझं मत असं झालंय की हात आतला, पण ठोका बाहेरचा, तो दरवेळी कुणीतरी कुणाला तरी दाखवावा लागतो. पाट्याला टाकी लावणाऱ्या बायका लेकीला समोर बसवून शिकवायच्या ते काय उगाच नाही. आत्याला हे मान्य नाही, ती म्हणते दाखवावंसं वाटणं तर आतलंच ना रे. ह्याला अजून उत्तर सापडलं नाहीये.

उरलेल्या ढलप्या शेतात फेकू नका. खड्डा करून पुरा आणि त्यात चालू सालाचं एक नाणं टाका, नाहीतर पुढं कधीतरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकणारं एखादं पोरगं तुमच्या परसात ताम्रपाषाणयुग, म्हणजे इनामगावचा काळ, शोधत बसेल.